पिंपळाची प्रदक्षिणा

"पिंपळाला हात लावू नका," असं मी २०१४ साली एका यजमानांना सांगितलं. मी दापोली तालुक्यात भिक्षुकी करतो, माझे वडीलही करत. तो पिंपळ यजमानांच्या मागीलदारी होता. आजोबांनी त्याला पार बांधलेला, शनिवारी बायका दिवा लावायच्या. त्याची एक जाड फांदी गोठ्याच्या कौलांवर आली होती. चैत्रात सगळं झाड तांबूस पालवीने भरायचं, पण त्या फांदीचा शेंडा बोडकाच राहायचा. यजमानांनी एवढंच विचारलं होतं, की ही उतरवली तर चालेल का. मी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. शास्त्रात पाप सांगितलंय असं म्हणालो आणि दक्षिणा घेऊन घरी आलो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. आमच्याकडचे माड, पोफळी, हापूसच्या बागा आडव्या झाल्या. त्यात चांगली धडधाकट झाडं होती, ती कुणाला वाचवता आली नसती. पण ही फांदी वादळाने मोडली असं मी म्हणणार नाही. मोडलेल्या जागी आत ओला, काळपट भुसा होता, मुठीने निघत होता. गाय वाचली. तिचं वासरू कौलांखाली गेलं.

"देवाची मर्जी, गुरुजी," यजमानीणबाई म्हणाल्या. माझ्यावर राग धरायचा त्यांना पूर्ण अधिकार होता आणि त्यांनी तो देवाच्या नावाने सोडून दिला. त्या रात्री मला झोप आली नाही. पाप कुणाचं? वादळाचं नाही, झाडाचं तर नाहीच. यजमानांनी विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं, न बघता.

मग ज्या शास्त्राचं नाव मी घेतलं होतं, ते उघडलं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात वृक्षतोड उपपातकांत येते हे खरं, पण तिथे शब्द आहेत सरपणासाठी आणि न वाळलेली झाडं तोडण्याचे. झाड कोणत्या अवस्थेत आहे आणि कशासाठी तोडता, हे दोन्ही प्रश्न ग्रंथानेच विचारलेत. मी एकही विचारला नव्हता. त्याच अध्यायात फळझाड तोडल्यास शंभर ऋचांच्या जपाचं प्रायश्चित्त आहे. म्हणजे तोडावं लागण्याची वेळ येते, हे त्या लोकांनी धरलेलंच होतं.

काहीजण इथे गीता पुढे करतात. दहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात, सर्व वृक्षांत अश्वत्थ मी; आणि पंधराव्यात अश्वत्थ छेदायला सांगतात. पण तो पंधराव्यातला अश्वत्थ म्हणजे संसार. मागीलदारच्या झाडाला त्याची परवानगी लावणं मला पटत नाही. झाडाला जीव आहे, सुखदुःख आहे, हे महाभारताच्या शांतिपर्वात भृगूंनी भरद्वाजांना एकेक कारण देऊन सांगितलंय. तोडण्यात हिंसा आहेच, ती शब्दांनी झाकता येत नाही.

मला आधार मिळाला तो पंचसूनांचा. चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचं भांडं, या पाच जागी गृहस्थाच्या हातून रोज जीव जातात, म्हणून त्याला रोजचे पाच यज्ञ सांगितले. घर चालवायचं तर हात अगदी स्वच्छ राहत नाहीत. तुमच्या छपराखाली जो झोपतो, मूल असो की वासरू, त्याचा भार तुमच्यावर आहे. फांदी न तोडणं हेही एक कर्मच होतं, आणि ते माझ्या नावावर जमा झालं.

उरलेलं झाड बघायला यजमानांनी एका माणसाला बोलावलं. तिशीचा असेल, दोरांवर चढून झाडं उतरवण्याचं काम करतो. त्याने आल्याबरोबर झाडाभोवती फेरी घातली. सावकाश, एकदा बुंध्याकडे बघत, एकदा शेंड्याकडे. कोयत्याच्या पाठीने ठोकत गेला. एका बाजूला आवाज भरीव, दुसरीकडे पोकळ. बुडाशी कानाच्या आकाराची कडक तपकिरी अळंबी त्याने बोटाने दाखवली. ती बाहेर दिसते तेव्हा आतलं लाकूड बऱ्याच आधीपासून कुजत असतं. झाड जिकडे कललंय त्याच्या उलट अंगाला माती फुगली किंवा भेगाळली आहे का, हे त्याने पायाने चाचपलं. मी आयुष्यभर पिंपळाला प्रदक्षिणा घातल्या. अशी एकही नाही.

मग पाराच्या टाइल्स काढल्या. काही वर्षांपूर्वी मोठ्या भक्तीने सिमेंट थेट खोडाला भिडवून पार उंच केला होता. आतली साल ओलीने कुजून सुटली होती. त्या नव्या पाराची पूजाही मीच सांगितली होती.

झाड उतरवायच्या आदल्या संध्याकाळी मी पूजा केली. वराहमिहिराने बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणण्याचा विधी दिलाय. झाडाला बळी वाहायचा आणि त्यात राहणाऱ्या भूतांना विनवायचं, की दुसरीकडे वस्ती करा. पूर्वी मला ही नुसती औपचारिकता वाटे. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आम्ही बसून राहिलो, तेव्हा पोकळ ढोलीतून पिंगळ्यांची जोडी बाहेर पडली. सकाळी त्या माणसाने चढून पाहिलं, अंडी-पिल्लं नव्हती. असती तर थांबलो असतो, इतकं ठरलेलं होतं.

रीतसर परवानगी आधीच घेतली होती. शहरात १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, गावाकडे १९६४ चा. देवाला विचारलं म्हणून कचेरीला विचारणं चुकत नाही. विजेची तार बंद केली, गोठा रिकामा केला. प्रत्येक फांदी दोराने बांधून, आधी खालून अर्धवट आणि मग वरून कापली. नाहीतर ती वजनाने साल ओरबाडत खाली येते आणि कापणाऱ्यालाही घेऊन जाते. बुंधा बाराएक फूट ठेवला, पिंगळ्यांच्या ढोलीसकट. तो पडला तरी अंगणातच पडेल, घरापर्यंत पोचणार नाही.

ज्येष्ठात वटपौर्णिमा येते, ऐन पावसाच्या तोंडाशी. त्या दिवशी दोरा गुंडाळण्याआधी बुडाशी वाकून बघा, मग मान वर करून शेंडा बघा. अळंबी, भेग, बोडकी फांदी दिसली तर आधी झाडावर चढणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा. मला त्यानंतर बोलवा, मी येईन.