चिकटवहीतील मोकळी जागा

पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूने एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर विद्यार्थी होऊन बसावे, हे दृश्य अमळनेरच्या आमच्या मंडळींना काही दिवस चांगलेच करमणुकीचे वाटले. निमित्त असे घडले. आमच्या धर्मग्रामातील एका दांपत्याच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. त्या प्रसंगासाठी घरातील जुन्या छायाचित्रांची एक चिकटवही तयार करावी, असे त्यांच्या मुलांनी ठरविले. मात्र ही चिकटवही काळ्या कागदाची, डिंकाने चिकटविलेली आणि दोन पानांमध्ये पातळ बटर पेपर घातलेली नव्हती. ती संगणकावर मांडून मग छापून घ्यावयाची होती. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या नातीने हे काम अंगावर घेतले. आमच्याकडेही कपाटात बाप्तिस्म्याची, प्रथम कम्युनियनची, नाताळाची कितीतरी छायाचित्रे वाळवीची वाट पाहत पडलेली होती. तेव्हा ही विद्या आपणही शिकून घ्यावी, असे आमच्या मनाने घेतले.

पहिल्याच दिवशी आमच्या गुरूने नियम घालून दिला, "फादर, मूळ फाइलला कधी हात लावायचा नाही. आधी प्रत काढायची, मग प्रतीवर काम करायचं." पुढे एकेक गोष्ट उलगडत गेली. बारा इंच लांब व बारा इंच रुंद असे पान छापावयाचे असेल, तर दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ते दोन्ही बाजूंनी ३६०० ठिपक्यांचे घ्यावे लागते. हातातले छायाचित्र छापताना दुप्पट मोठे करावयाचे असेल, तर ते ६०० ठिपक्यांनी स्कॅन करावे. 'जेपेग' प्रकारची फाइल पुन्हा पुन्हा बदलून साठविली की दर वेळी तिचा थोडा थोडा कस जातो, म्हणून काम चालू असताना ते संगणकप्रणालीच्या स्वतःच्या प्रकारात साठवावे. पान म्हणजे एकच कागद नव्हे, तर एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांची चळत असते. त्या प्रत्येक कागदाला 'लेयर' म्हणतात. खाली पार्श्वभूमी, तिच्यावर छायाचित्रे, सर्वांत वर अक्षरे. यांपैकी एक हलविले तरी बाकीची जागची हलत नाहीत.

मांडणीचे नियमही तिने शिकविले. एका पानावर एकच चित्र मुख्य असावे, बाकीची त्याच्या आधाराने उभी राहावीत. कडेच्या छायाचित्रातील माणूस पानाच्या आत पाहणारा असावा. तो बाहेर पाहत असला की वाचकाची नजरही त्याच्या मागोमाग पानाबाहेर जाते. अक्षरांची वळणे दोनांहून अधिक नसावीत. आणि सर्वांत अवघड नियम हा, की काही जागा मोकळी सोडावी. आम्ही पहिल्याच पानावर अकरा छायाचित्रे बसविली, तेव्हा ती हसून म्हणाली, "फादर, पान भरायचं नसतं, मांडायचं असतं." हे वाक्य आम्ही पुढे एका रविवारच्या प्रवचनात तिचे नाव न घेता वापरले, हे येथे कबूल करतो.

हाताने पान मांडण्याची ओळख आमच्या गावाला नवी नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढीत. कोणती बातमी आधी घ्यावी, कोणत्या मुलाच्या गुणाचा उल्लेख करावा, कोणाच्या चुकीबद्दल मौन पाळावे, हे असे पान लिहिणाऱ्याला रोज ठरवावेच लागते. पान मांडणे म्हणजे निवड करणे, आणि निवड आली की तिच्यामागून नीतीचा प्रश्नही येतोच. हा प्रश्न आम्हाला मात्र पुस्तकातून कळला नाही. तो आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे कळला.

त्या कुटुंबाचे १९९३ सालच्या नाताळातले एक रंगीत छायाचित्र होते. रंग उडून ते तांबूस झाले होते. ओट्यावर खुर्चीत आजी बसलेल्या, शेजारी आजोबा उभे, भोवती चार मुले. बारा-तेरा वर्षांचा धाकटा मुलगा आईच्या मागे, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा. हाच मुलगा पुढे व्यसनात सापडला, त्याने कर्ज केले, भावांच्या नावावर उधारी केली आणि घर सोडून गेला. काही वर्षांपूर्वी परगावी त्याचे निधन झाले. चिकटवहीचे काम चालू असता मोठे दोघे भाऊ आमच्याकडे आले. "फादर, समारंभाला पाहुणे येतील, त्याच्याविषयी विचारतील, आईला त्रास होईल. त्या फोटोतून त्याला काढता आलं तर बरं," असे ते म्हणाले. नात गप्प राहिली. आम्ही क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "काढू या. घरात शांतता राहील."

इतकेच नव्हे, तर ते काम आम्ही स्वतः केले, कारण ती हत्यारे आम्हाला शिकावयाची होती. चित्राच्या एका भागाचा नमुना उचलून तो दुसऱ्या भागावर उमटविणारा एक शिक्का असतो. त्याने आम्ही मागच्या भिंतीचा रंग उचलीत गेलो आणि मुलावर चढवीत गेलो. अर्ध्या तासात तो नाहीसा झाला. शेवटी आईच्या खांद्यावर चार बोटे तेवढी उरली. साडीच्या काठाचा नमुना घेऊन आम्ही तीही पुसली. काम नीटस झाले म्हणून आम्हाला आनंद झाला, हे सांगताना आज लाज वाटते.

छापण्यापूर्वी नमुन्याची पाने आजींना दाखविण्यात आली. त्या पानावर त्या थांबल्या. प्रथम चित्रातल्या आणि मग स्वतःच्या खांद्याला त्यांनी हात लावला, आणि आम्हाला विचारले, "मना पोऱ्याना हात कोठे गया, फादर?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर अनेक रात्री हा प्रश्न आम्ही मनात घोळवीत राहिलो. आम्ही नेमके काय चुकलो? चिकटवहीत प्रत्येक छायाचित्र घालण्याचे बंधन कोणावर नसते. ते छायाचित्र आम्ही सर्वस्वी वगळले असते, तर ते खोटे ठरले असते काय? तसे आम्हाला वाटत नाही. संत ऑगस्टीन यांनी असत्याविषयी दोन ग्रंथ लिहिले, पहिला इ. स. ३९५ च्या सुमारास आणि दुसरा ४२० च्या सुमारास. चांगल्या हेतूनेही खोटे बोलू नये, हे त्यांचे मत कठोर म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु सत्य मौनाने झाकणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे, हा भेद त्यांनीही मानला आहे. सेमिनरीत हा भेद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. तो संगणकाच्या पडद्यावर पुन्हा भेटेल, असे तेव्हा कोणाला वाटले होते?

छायाचित्र न लावणे हे मौन आहे. लावलेल्या छायाचित्रातून माणूस पुसून त्याच्या जागी भिंत रंगविणे ही मात्र खोटी साक्ष आहे. मौन पाळणारा म्हणतो, "याविषयी मी बोलणार नाही." खोटी साक्ष देणारा म्हणतो, "येथे कोणी नव्हतेच." आम्ही त्या भिंतीकडून खोटी साक्ष वदवून घेतली होती.

हा मोह केवळ आमच्यासारख्या नवशिक्यांचा आहे असे नाही. १९३७ साली मॉस्कोजवळच्या कालव्याच्या काठी स्टॅलिन यांच्या शेजारी त्यांचे पोलीसप्रमुख येझोव्ह उभे असल्याचे एक छायाचित्र आहे. १९४० मध्ये येझोव्ह यांना देहदंड झाला आणि पुढे त्याच छायाचित्रातून ते नाहीसे झाले. जेथे माणूस होता, तेथे कालव्याचे पाणी दिसू लागले. येथे हेतू दुष्ट होता, असे आपण म्हणू. मग दुसरे उदाहरण पाहा. 'नॅशनल जिओग्राफिक' या प्रतिष्ठित मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी इजिप्तमधील गिझा येथील पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र घेतले. मुखपृष्ठ उभे होते. म्हणून संगणकाच्या साहाय्याने दोन पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकविण्यात आले. येथे कोणाचा द्वेष नव्हता की कोणाचे राजकारण नव्हते. होती ती केवळ पानाच्या मांडणीची गरज. तरीही त्यावर टीका झाली आणि पुढे मासिकाने ती चूक मानली. हे उदाहरण आम्हाला अधिक बोचले. आपल्या हातून होणारी बहुतेक असत्ये दुष्टाव्यातून नव्हे, तर अशी नीटसपणाच्या हौसेतूनच होत नाहीत काय?

कोणी विचारील, मग या विद्येचा उपयोग करूच नये काय? तसे नाही. 'फोटोशॉप' ही प्रणाली १९९० साली बाजारात आली, १९९४ मध्ये तिच्यात लेयरची सोय झाली आणि २००२ मध्ये 'हीलिंग ब्रश' म्हणजे जखम भरून काढणारा कुंचला आला. १९९६ पासून 'गिंप' नावाची विनामूल्य प्रणालीही उपलब्ध आहे. या साधनांनी आम्ही त्याच छायाचित्रावरचा तांबूसपणा घालविला, घडीची रेघ मिटविली, बुरशीचे डाग काढले. यात असत्य नाही, कारण डाग हे त्या नाताळच्या सकाळी तेथे नव्हते. ते काळाने नंतर टाकले. काळाने टाकलेली धूळ पुसणे ही सेवा आहे. त्या सकाळी जे होते ते पुसणे हा अपराध आहे.

दिवंगत वडिलांचे चित्र कुटुंबाच्या चित्रात जोडून घेण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. तिलाही आम्ही असत्य म्हणणार नाही. पाहणाऱ्या प्रत्येकाला ती जोडणी ठाऊक असते, पुष्कळदा त्या चित्राला हारही असतो. तेथे कोणाला फसविले जात नाही, एक वियोग तेवढा बोलून दाखविला जातो. तेव्हा विचारावयाचे प्रश्न दोनच: पाहणारा फसतो काय? आणि ज्याला पुसले त्याच्यावर अन्याय होतो काय? आमच्या बाबतीत दोन्ही उत्तरे होकारार्थी होती.

संत मत्तय यांच्या शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभू येशूची वंशावळ आहे. मिस्सेत ती वाचताना आम्ही अनेकदा घाई केली आहे. आता ती आम्हाला एका कुटुंबाच्या चिकटवहीसारखी दिसू लागली. तिच्यातही मांडणी आहे, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग आहेत. ती साधण्यासाठी योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे वगळले आहेत. म्हणजे निवड तेथेही झाली. परंतु घराण्याची अब्रू राखण्यासाठी कोणाला पुसलेले नाही. तामार तेथे आहे, राहाब आहे, परदेशी रूथ आहे. शलमोनाच्या आईचे तर नावही न देता 'उरीयाची पत्नी' असा उल्लेख आहे, म्हणजे दावीद राजाचे पाप कोणी विसरू म्हटले तरी विसरता येऊ नये. आणि पुनरुत्थित प्रभू शिष्यांसमोर आला, तो हातांवरच्या जखमांसह आला. त्या जखमांवरूनच थोमाला ओळख पटली. जखमा पुसून टाकल्या असत्या, तर थोमाने काय पाहिले असते?

आमच्या अमळनेरात १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. दिसणे आणि असणे यांतील भेदाचा विचार या गावात पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. दोरीवर साप दिसला तर दिवा आणावा, हा वेदान्तातला दृष्टांत येथे कोणालाही ठाऊक असतो. आम्ही उलट केले होते. दिवा हाती असताना आम्ही माणसाच्या जागी भिंत दिसेल अशी व्यवस्था केली होती.

सुदैवाने आमच्या गुरूचा पहिला नियम कामी आला. मूळ फाइल तिने वेगळी जपून ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही मोठ्या भावांकडे गेलो आणि आमचा सल्ला चुकीचा होता, असे सांगितले. एक भाऊ लगेच मान्य झाला. दुसरा म्हणाला, "फादर, त्याने आमचं काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे." ते आम्हाला ठाऊक होते, आणि ते खोटे नव्हते. त्याची उधारी फेडण्यात या भावाची कित्येक वर्षे गेली होती. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, की क्षमा करण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करीत नाही, ती तुमच्या सवडीने होवो. पण ज्याला क्षमा करावयाची, तो चित्रात तरी असावा लागतो. पुसलेल्या माणसाला क्षमा कशी करणार? तो काही बोलला नाही. नकारही दिला नाही.

ते पान नातीने पुन्हा मांडले. मध्यभागी ते एकच छायाचित्र, रंग उजळलेले, सहाही माणसे जागच्या जागी, आणि आईच्या खांद्यावर ती चार बोटे. खाली केवळ साल लिहिले. आम्ही सुचविले होते, की एखादे सुंदरसे वाक्य घालावे. तिने मान हलविली. "नको फादर, खाली जागा मोकळी राहू दे," ती म्हणाली.

समारंभाच्या दिवशी चिकटवही हातोहात फिरली. पाहुण्यांपैकी एक-दोघांनी त्या मुलाविषयी विचारलेच. आजींनी त्याचे नाव सांगितले, आणि तो आता नाही, एवढे सांगितले. दुसरा भाऊ त्या पानावर फार वेळ थांबला नाही. पण त्याने पान उलटले ते सावकाश, कडेला धरून, चित्रावर बोट न उमटेल अशा बेताने. आम्ही ते पाहिले, आणि आमच्या कपाटातील छायाचित्रांचे राहिलेले काम दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केले.