स्वतःचे शब्द

लेखनवर्गाच्या पहिल्याच तासाला शिक्षक अट घालतो : गाइडातला उतारा नको; स्वतःच्या शब्दांत लिहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची वाट मोकळी केली. त्या वाटेच्या आरंभीही ही अट रास्तच आहे. परंतु मला प्रश्न पडतो तो असा, की भंडारा जिल्ह्यातल्या मुलाचे स्वतःचे शब्द कोणते? तो झाडीबोलीत वाढलेला. बांध घालून पाणी अडवलेल्या भाताच्या तुकड्याला तो ‘बांधी’ म्हणतो. नुसते ‘शेत’ लिहिले, की तो बांधच वाक्यातून नाहीसा होतो. ‘बांधी’ लिहिले, तर तांबडी रेघ उमटते!

महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम मलाही मान्य आहेत. पण शब्द कसा लिहावा एवढेच ते सांगतात. कोणता शब्द आपला म्हणावा, हे नव्हे. विद्यार्थ्याकडे सचोटी मागणाऱ्याने तिची किंमतही मोजावी : रेघ ओढण्यापूर्वी अनोळखी शब्दाचा अर्थ विचारावा. तेवढी तयारी नसेल, तर उतारा उचलणाऱ्या मुलाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय?