मोबाईलवरील फुले आणि मैसिर



दिव्य कुरआनातील सूरह ताहाच्या १३१ व्या आयतीत अल्लाह आपल्या प्रेषितांना (स.) बजावतो की, लोकांपैकी काहींना ऐहिक जीवनाची जी शोभा उपभोगण्यास दिली आहे, तिच्याकडे डोळे लावून पाहू नये, ती त्यांच्या परीक्षेसाठी आहे आणि पालनकर्त्याची रोजी अधिक उत्तम व टिकाऊ आहे. येथे ‘शोभा’ या अर्थी आलेला मूळ शब्द ‘जहरा’ असा आहे. जहरा म्हणजे फूल. फुलाचा रंग खरा असतो, गंधही खरा असतो. पण जो फुलालाच फळ समजून बसला, तो उपाशी राहतो.

हा शब्द आज मुद्दाम आठवण्याचे कारण आहे. आपल्या देगलूरसारख्या गावात बसस्थानकावर, चहाच्या हॉटेलात, आडतीच्या ओट्यावर तरुणांच्या हातातील मोबाईलवर एक बाग फुललेली दिसते. निळा समुद्र, नारळाची झाडे, लाल जास्वंद, पांढरा चाफा. बोटाने एक कळ दाबली की चित्रांच्या उभ्या रांगा गरगर फिरतात, थांबतात, आणि सारखी फुले एका ओळीत आली की नाण्यांचा खणखणाट होतो. मुलांना विचारावे तर उत्तर येते, “काही नाही, गेम आहे.” मटका लावणारा निदान आपण काय करतो हे जाणून होता, वडीलधारी मंडळी दिसली की चिठ्ठी खिशात लपवीत होता. या खेळाने जुगाराला फुलांची चादर पांघरली आणि ती लाजही काढून घेतली.

परंतु नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही. सूरह अल-माइदाच्या ९० व ९१ व्या आयतींत मद्य आणि जुगार यांना सैतानी घाण म्हटले आहे. सैतानाला या दोहोंच्या द्वारे तुमच्यात वैर व द्वेष पेरायचा आहे आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखायचे आहे, असे कारणही तेथेच सांगितले आहे. जुगारासाठी कुरआनाचा शब्द ‘मैसिर’ आहे. अनेक भाषापंडित त्याचे मूळ ‘युस्र’ म्हणजे सुलभता या शब्दात शोधतात : कष्टाविना, सहज हाती येणारा पैसा.

अज्ञानकाळातील अरबांचा मैसिर कसा होता, हे भाष्यकारांनी नोंदवून ठेवले आहे. उंट कापून त्याच्या मांसाचे वाटे घालीत आणि पिशवीतून दहा बाण काढीत. सात बाणांना वाटे असत, तीन कोरे असत. कोरा बाण ज्याच्या नावे निघे, त्याने उंटाची किंमत भरायची. जिंकणारे ते मांस बहुधा गरिबांत वाटून टाकीत आणि त्याचा अभिमान मिरवीत. सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत यात लोकांचे काही लाभ आहेत, मात्र पाप लाभाहून मोठे आहे, असे म्हटले आहे ते याच संदर्भात. आता विचार करा. ज्या जुगाराचे मांस भुकेल्यांच्या मुखी पडत होते, तोही अल्लाहने निषिद्ध ठरविला. मग ज्याची मिळकत कोठल्या तरी अदृश्य मालकाच्या खात्यात जाते, त्याची गत काय?

हे यंत्र चालते कसे, तेही समजून घ्या. फिरणारी चित्रे हा केवळ देखावा आहे. आपण कळ दाबतो त्याच क्षणी संगणक एक यादृच्छिक आकडा काढतो आणि निकाल तेथेच ठरतो. दोन जास्वंदी जुळतात आणि तिसरी एका घराने खाली थांबते, तेव्हा “थोडक्यात हुकले” असे वाटते. वस्तुतः काहीही हुकलेले नसते. दहा रुपये लावून चार परत आले तरी वाजंत्री वाजते, म्हणजे सहा रुपयांच्या नुकसानीचा उत्सव होतो. समजा, यंत्र शंभरातून सरासरी ९६ रुपये परत करते. दर सहा सेकंदांना दहा रुपये लावले तर तासाभरात सहाशे डाव होतात, सहा हजार रुपये फिरतात आणि सरासरीने दोनशे चाळीस रुपये मालकाकडे राहतात. एखाद्या दिवशी कोणी जिंकेलही; पण जो जितका अधिक वेळ बसेल, तितका तो या हिशेबाच्या जवळ जाईल.

काही शेतकरी बंधू म्हणतात, “मौलाना, आमची शेती तरी दुसरे काय आहे? तोही पावसावरचा जुगारच.” या बोलण्यामागचे दुःख मी जाणतो. ऑगस्ट २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या मुखेड तालुक्यात पुराने गावे पाण्याखाली घातली, माणसे व जनावरे गेली. तरीही शेती जुगार नव्हे. शेतकरी बियाणे आणि घाम मातीत घालतो. पीक आले तर जगात पूर्वी नव्हते असे धान्य निर्माण होते आणि त्यासाठी कोणाचे घर बुडावे लागत नाही. जुगारात एक दाणाही पिकत नाही. एकाचा खिसा रिकामा झाल्याविना दुसऱ्याचा भरत नाही. शेतकऱ्याची भिस्त अल्लाहवर असते, जुगाऱ्याची दुसऱ्याच्या हरण्यावर.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यास संमती दिली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कायदा त्याला बळी मानतो. ही सवलत या जगापुरती आहे. संपत्ती कोठून मिळविली आणि कोठे खर्च केली, या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय कयामतच्या दिवशी माणसाचे पाऊल हलणार नाही, अशी प्रेषितांची (स.) शिकवण तिर्मिजीत आहे. बुखारी व मुस्लिममधील हदीसनुसार, मित्राला नुसते “चल, जुगार खेळू” म्हणणाऱ्यानेही दानधर्म करावा. मग मित्राला दुवा पाठवून बक्षिसाचे शंभर रुपये घेणाऱ्याने आपला हिशेब स्वतःच करावा.

ज्यांचा पाय अडकला आहे, त्यांना माझे आर्जव आहे. गेलेला पैसा परत मिळविण्यासाठी आणखी एक डाव, हाच खरा फास आहे. गेले ते गेले म्हणा आणि ते अॅप आजच काढून टाका. जिंकलेला पैसा आपला नव्हे; मूळ धनी ठाऊक नसेल तर पुण्याची अपेक्षा न धरता तो गरजूंना देऊन टाका. कर्ज घरच्यांपासून लपवू नका. सूरह अन-निसाच्या २९ व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाऊ नका, या आज्ञेला लागूनच स्वतःचा जीव घेऊ नका, अल्लाह तुमच्यावर दयाळू आहे, असे सांगितले आहे. या दोन आज्ञा शेजारी का आहेत, हे कर्जाने खचलेल्या घरांना सांगावे लागत नाही. मन अंधारले तर घरच्यांशी बोला, मशिदीत या, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तेथे रात्रंदिवस ऐकून घेतले जाते.

आणि जमातीलाही एक स्मरण. एका कर्जदाराच्या जनाजाची नमाज पढविण्यास प्रेषित (स.) थांबले, तेव्हा अबू कतादा (रजि.) यांनी पुढे होऊन त्याचे कर्ज स्वतःवर घेतले आणि मग नमाज झाली. आपण मात्र अशा मुलाची चौकात चर्चा करतो. तो तौबा करून परतला असेल तर त्याला हिणवू नका. त्याच्यासोबत बसून देण्याघेण्याचा कागद मांडा, सावकाराकडे जाऊन मुदत मागा, हाताला काम द्या. हे आज जिवंतपणी करता येते. त्याच्या जनाजाची वाट कशाला पाहावी?

पांढरा चाफा आपल्याकडे कब्रस्तानात फुलतो. तेथे तो कोणालाही भुलवीत नाही. शेवट कोठे आहे एवढेच सांगतो. अल्लाह आपल्या मुलांना कष्टाच्या भाकरीची गोडी देवो, हरामच्या गोडीपासून त्यांचे रक्षण करो आणि भरकटलेल्यांना सन्मानाने घरी आणो. आमीन.