‘फार विचार करतेस’

रात्री निजानीज झाल्यावर कुशीवर वळलं की हृदयाचे ठोके थेट कानाशी ऐकू येतात. दिवसभरात ते लाखाच्या घरात पडतात, तेव्हा आपल्याला पत्ताही नसतो. एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग जरा खंड पडतो आणि पुढचा जोरात आदळतो. काळजाचा ठोका चुकल्यासारखं वाटतं ते बहुधा यामुळे, आणि निरोगी माणसालाही तसं होतं. जागरण, चहा-कॉफीचा अतिरेक, तंबाखू, ताप, उन्हातान्हात पोटात पाणी कमी जाणं, एवढंही त्याला पुरतं.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. घरातली बाई ‘छातीत धडधडतंय’ म्हणाली की उत्तर तयार असतं: फार विचार करतेस, मनाला लावून घेतेस. कधी ते खरंही असतं. धास्तीने हृदय धावतं आणि तो त्रासही खराच असतो. पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. हिमोग्लोबिन कमी पडलं की शरीराला प्राणवायू पुरवण्यासाठी हृदयाला जास्त जलद चालावं लागतं. जिना चढताना लागणारी धाप, सततचा थकवा, फिकट पडलेल्या पापण्या ही त्याचीच लक्षणं. थायरॉइडचं काम वाढलं तरी धडधडतं. वजन उतरतं, हात थरथरतात. दोन्हींचा शोध साध्या रक्ततपासणीने लागतो. ती न करताच बाईच्या स्वभावाला बोल लावणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड बहुतेकदा थांबलेली असते आणि ईसीजी चांगला निघतो. म्हणून ती चालू असतानाच मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. ठोके एका लयीत आहेत का, धडधड एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबली का, किती वेळ टिकली, हे लिहून ठेवलं तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. गरज वाटली तर ते २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावायला सांगतात. उतारवयात नाडी अगदीच बेताल लागत असेल, तर काही त्रास नसला तरी दाखवावं. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होऊ शकतो. घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलं असेल किंवा लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन झडपांना इजा झाली असेल, तर तेही न विचारता सांगावं.

धडधडीबरोबर छातीत दुखलं, श्वास अपुरा पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा, आणि स्वतः गाडी चालवत निघू नये.