वर्गणी न भरलेल्याची आग

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ओबायन नावाची ग्रामीण काउंटी आहे. तिचे स्वतःचे अग्निशमन दल नव्हते. साउथ फुल्टन शहराचा बंब आसपासच्या घरांसाठीही यायचा, पण वर्षाची 75 डॉलर वर्गणी भरलेली असेल तरच. सप्टेंबर 2010 मध्ये तिथल्या एका घरी कचरा जाळताना आग पसरली. मालकाची वर्गणी राहिली होती. लागेल तो खर्च देतो, असे तो फोनवर सांगत होता. बंब आला नाही. ज्वाळा शेजाऱ्याच्या शेताकडे सरकल्या तेव्हा मात्र आला, कारण शेजाऱ्याने पैसे भरले होते. जवानांनी त्याची हद्द वाचवली आणि पलीकडचे घर जळू दिले. तीन कुत्री आणि एक मांजर आत मेली.

जवानांना शिव्या घालणे सोपे आहे. शहराचा मुद्दा मात्र पोकळ नव्हता. आग लागल्यावर 75 डॉलर घेऊन बंब धावू लागला, तर आधी भरणार कोण? तहान लागताच भरलेली विहीर मिळत असेल, तर ती खणायला वर्गणी कोण देईल? बंबाचा मोठा खर्च पाण्याचा नसतोच. तो सज्ज राहण्याचा असतो. एकही आग लागली नाही तरी गाडी, दुरुस्ती, सराव यांचा खर्च चुकत नाही. वर्गणी न भरणारा शेजाऱ्यांच्या सज्जतेवर जगतो, हे खरेच आहे.

म्हणूनच ही सज्जता ऐच्छिक ठेवणे मला चूक वाटते. लंडनने हा धडा फार आधी घेतला. 1666 च्या महाआगीनंतर तिथे विमा कंपन्यांनी आपापली दले उभारली. (विम्याची पाटी नसलेले घर ते जळू देत, ही कथा रंजक आहे, पण इतिहासकारांना तिला फारसा आधार सापडत नाही.) 1833 मध्ये कंपन्यांनी दले एकत्र केली. 1861 ला टूली स्ट्रीटची गोदामे पेटली आणि भरपाईने कंपन्यांचे कंबरडे मोडले. हा भार आता आम्हाला झेपत नाही, असे त्यांनी सरकारला कळवले. 1865 च्या कायद्याने दल सार्वजनिक झाले. पुढाकार नफा पाहणाऱ्यांचाच होता, हे विशेष. आगीला सातबारा कळत नाही, हे त्यांना हिशेबातून उमगले होते.

ओबायनच्या कारभाऱ्यांनी कर बसवण्याचा अप्रिय निर्णय टाळला. मग कोणाला वाचवायचे हा प्रश्न पाइप धरलेल्या जवानाच्या गळ्यात पडला. 2011 च्या डिसेंबरात पुन्हा एक घर तसेच जळाले. 2012 मध्ये शहराने नियम बदलला: बंब सर्वांकडे जाईल, वर्गणी नसेल त्याला नंतर जबर बिल. आधीपेक्षा हे बरे, तरी अर्धवटच. घर गमावलेल्या माणसाकडून बिल वसूल करण्यापेक्षा प्रत्येक घरावर थोडा कर बसवणे स्वस्तही आहे आणि न्याय्यही.