आईबाबांखेरीज

मुलं घरीच शिकतात असं सांगितलं की लोक आधी बोर्ड विचारतात आणि मग पुस्तकं. दोन्हींची उत्तरं माझ्याकडं तयार असतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं, परिसर अभ्यासासाठी एनसीईआरटीचं ‘आस-पास’, ‘किशोर’चे जुने अंक, आणि अरविंद गुप्ता यांनी सगळ्यांसाठी मोफत खुल्या केलेल्या पुस्तकांतून छापून घेतलेली काही. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था: चौदा वर्षं पूर्ण झाली की नोंदणी होते, निदान एक भाषा धरून पाच विषय घ्यायचे, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत नऊ वेळा बसण्याची मुभा. एवढं ठरवायला एक संध्याकाळ पुरते. रोज सकाळी जे ठरवावं लागतं ते निराळंच असतं. या आठवड्यात मुलं आम्हा दोघांखेरीज कुणाकडून काय शिकणार?

घरी शिकवणाऱ्या पालकाच्या कामाचा गाभा हाच आहे असं मला वाटतं. अभ्यास मागे पडेल अशी भीती लोक घालतात. पण मागे पडलेला अभ्यास भरून निघतो. सगळं बालपण एकाच बाईचा शब्द प्रमाण मानून वाढलेल्या मुलीचं जे नुकसान होईल ते भरून निघणारं नाही, मग ती बाई कितीही मायेची आणि कितीही वाचलेली असो. शाळेबद्दलच्या माझ्या तक्रारी आजही कायम आहेत. घंटा वाजली की अर्धवट सोडलेलं गणित, फळ्यावरचं वहीत उतरवून घेण्यात गेलेली दुपार, चुकलं तर काय म्हणतील या धास्तीनं गिळलेले प्रश्न. पण शाळा एक गोष्ट न मागता देते: तिथं तासागणिक माणूस बदलतो. गणिताच्या सरांना जे खपत नाही ते मराठीच्या बाईंना आवडतं, आणि दोघांच्या मधे मुलाला स्वतःचं मत ठेवायला जागा मिळते. घरी ती जागा मुद्दाम करावी लागते.

धाकटा संख्यावाचन शिकत होता तेव्हा हे मला पहिल्यांदा नीट दिसलं. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आणली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. मंगला नारळीकर गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: मूल ‘पंचवीस’ ऐकतं तेव्हा पाच आधी ऐकतं आणि वीस नंतर, म्हणून ५२ लिहून बसतं. ‘एकोणतीस’ला तर ऐकू येतं तीस आणि लिहायचे असतात २९. आमच्या धाकट्याचं अगदी तसंच व्हायचं, म्हणून मी त्याला ‘वीस पाच’ शिकवलं. माझ्या सासूबाईंना ते पटलं नाही. त्या त्याला संध्याकाळी समोर बसवून पाढे घोकून घ्यायच्या आणि त्यांच्या पाढ्यांत बेचाळीस, एकोणपन्नास, त्रेसष्ट ठणठणीत यायचे. मी मधे पडले नाही. काही महिने तो सकाळी एक भाषा आणि संध्याकाळी दुसरी बोलला. मग एके दिवशी त्यानं आजीला समजावून सांगितलं की मोठ्या बेरजा आईच्या पद्धतीनं सोप्या जातात आणि पाढे आजीच्या. दोन मोठ्या माणसांचं पटत नसताना दोघांचंही ऐकून आपलं ठरवणं त्याला जमलं होतं. कुठल्याही पुस्तकाच्या निवडीनं मी त्याला हे शिकवू शकले नसते.

आम्ही कोल्हापुरात राहतो, आणि इथं घराबाहेर शिकवणाऱ्या माणसांना तोटा नाही. नवरा उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये आहे; थोरलीला दशांश अपूर्णांक कळले ते तिथल्या एका लेथवरच्या काकांनी हातात व्हर्निअर दिल्यावर. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात मुलांनी धान्याच्या गंगा कोठीची लांबी-रुंदी पावलांनी मोजली आणि १६६० च्या वेढ्यात गडावरच्या माणसांना चार महिने धान्य किती लागलं असेल याचा हिशेब चार दिवस चालवला. गणित शेवटी जुळलं नाही, कारण गडावर माणसं किती होती यावर दोघांचं भांडण झालं. मला ते भांडण आवडलं.

पण सगळ्यात जास्त आम्ही गुऱ्हाळात शिकलो. दिवाळीनंतर ऊस तुटायला लागला की आमच्या ओळखीच्या एका गुऱ्हाळात थोरलीला मी दोन हंगाम नेलं. तिथं काय शिकायचं याची यादी मी करून नेली होती: एका टन उसाला साधारण शंभर किलो गूळ, म्हणजे शेकडेवारी, उकळणं, आटणं, बाष्पीभवन, चिपाडाचं जळण, म्हणजे उसाचा रस उसाच्याच चोथ्यावर शिजतो. हे सगळं तिनं पहिल्या तासात पाहून घेतलं. पुढचं सगळं गुळव्यानं शिकवलं. भेंडीच्या खोडाचा चीक रसात का घालायचा, मळी कशी वर येते आणि कधी काढायची, चुना जास्त पडला तर गुळाचा रंग कसा बिघडतो. पाक झाला की नाही हे पाहायला तो थोडा पाक गार पाण्यात टाकायचा आणि बोटांनी त्याची गोळी वळायचा. तिला त्यानं विचारलं, “आता काहिली उतरायची का ऱ्हाऊ दे?” मी तोंड उघडलं तसा म्हणाला, “पोरीला बोलू द्या की ताई.” ती चुकली. त्यानं काहिली उतरवून वाफ्यात ओतली आणि तिला पुढच्या काहिलीला उभं केलं. तिसऱ्या काहिलीला तिचं बरोबर आलं. तिथं शाबासकी देण्याइतका कुणाला वेळच नव्हता. चुलवाणावर जाळ घालणारा माणूस तिला फक्त “वाऱ्याला थांबू नको” एवढंच सांगत होता.

मी शिकवते तेव्हा माझा अर्धा जीव तिला समजलं की नाही इकडं असतो. ती ते ओळखते आणि मला बरं वाटावं म्हणून मान हलवते. गुळव्याला तिच्या समजण्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला गूळ नीट उतरायला हवा होता. त्यामुळं तिला खोटी मान हलवायची गरज पडली नाही.

घरी शिकलेल्या मुलांची एक बातमी मराठी वर्तमानपत्रांनी आवडीनं छापली. मुंबईची एक मुलगी दहावी-बारावी न करता २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत गेली, ती संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर. बातम्यांत भर आईच्या धाडसावर होता, आणि ते धाडस खरंच मोठं होतं. पण तिला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधल्या प्राध्यापकांचं शिकवणं मिळालं होतं, हा भाग एखाद्या ओळीत उरकला गेला. मला तोच महत्त्वाचा वाटतो. त्या आईनं लेकीला वेळेवर आपल्याहून जास्त जाणणाऱ्यांच्या हाती दिलं.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडं सगळ्यात प्रसिद्ध असलेल्या घरशाळेचं आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत मुलांना शाळेत घातलं नाही. जोहान्सबर्गमध्ये घरापासून कचेरीपर्यंत आणि परत, मिळून रोज सुमारे पाच मैल ते मुलांबरोबर चालत आणि चालता चालता गुजरातीतून शिकवत. ही कल्पना मला अजूनही मोहात पाडते. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी हे सांगितलं आहे आणि मुलांची याबद्दल आपल्यावर कायम तक्रार राहिली हेही प्रांजळपणे लिहिलं आहे, एखादा मॅट्रिक झालेला माणूस भेटला तरी मुलांना आपलं उणं जाणवायचं. १९११ मध्ये थोरले चिरंजीव हरिलाल वडिलांपासून दूर होऊन भारतात आले ते अहमदाबादला मॅट्रिकची तयारी करायला. गांधीजींचं शिकवणं कमी पडलं असं मला म्हणायचं नाही. इतक्या मोठ्या माणसाच्या मुलांनी काय आणि कसं शिकायचं हे वडीलच ठरवत, आणि ज्याच्याशी वाद घालायचा तोच निवाडा करणारा होता, हे मला फार जड वाटतं. आमच्यासारख्या साध्या घरांतही आईबाप मुलांना तितकेच मोठे दिसतात.

सासूबाईंचा आक्षेप वेगळा आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात वजनदार होता. त्या सातवीपर्यंत शिकल्या, त्यासुद्धा वडिलांशी अबोला धरून. मी थोरलीला शाळेतून काढणार म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “आम्हाला शाळा म्हणजे घराबाहेर पडायला कारण होतं गं. तू तेच काढून घेतेस.” त्यांच्याशी मी वाद घातला नाही, कारण उत्तर देण्याआधी मला आमचा आठवडा बदलावा लागला. तेव्हापासून थोरली सायकलवर एकटी करवीर नगर वाचन मंदिरात जाते आणि पुस्तकं स्वतः निवडते. ती फुटबॉल खेळते, आणि तिचे प्रशिक्षक तिला काय बोलतात हे मी विचारत नाही. पेठेतल्या दोन घरच्या मुलींना ती इंग्रजी वाचायला शिकवते. दुपारचे दोन तास आमच्यापैकी कुणीही तिच्या आसपास असायचं नाही, असा नियम होता. हे सगळं आमच्या वेळापत्रकात गणिताच्या वर लिहिलेलं होतं.

ज्या गावात मी राहते तिथं शाळेच्या सक्तीचा प्रश्न टाळताही येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करावं अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तो रुपया कुणी भरायचा होता ते पाहावं. सक्ती बापावर होती, आणि ती मुलाच्या बाजूनं होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही कलम १० नुसार मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे, आणि हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा आहे. पालकाला शिक्षा नाही आणि घरी शिकवण्याची स्वतंत्र तरतूदही नाही, म्हणून आमच्यासारखी कुटुंबं मधेच कुठंतरी लोंबकळत राहतात. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला आलेल्या शिक्षिकेला आमचं नाव कुठल्या रकान्यात लिहावं हे कळत नाही आणि त्यात तिचा काही दोष नाही.

अमेरिकेत घरी शिकवणारे अनेक जण पालकांच्या हक्काची भाषा बोलतात. ती भाषा इकडं येऊ लागली आहे आणि ती मला नको आहे. ज्या जॉन होल्टचं नाव हे पालक घेतात, त्यानं १९७७ मध्ये घरी शिकवणाऱ्यांसाठी नियतकालिक काढलं खरं, पण त्याच्या तीन वर्षं आधी त्यानं मुलांच्या हक्कांवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचा शाळेला विरोध मुलांसाठी होता, आईबापांचा ताबा वाढवण्यासाठी नव्हता. ज्या महाराष्ट्रात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाईंना दगड-शेण सोसावं लागलं, तिथं ‘माझं मूल, माझी मर्जी’ असं म्हणून शाळेकडं पाठ फिरवणं मला शोभत नाही.

घरातल्या कामाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ते कुणी लिहीत नाही. घरशाळा म्हटलं की बहुतेक घरांत आईची नोकरी जाते. मी दुकानांच्या हिशेबाचं काम अर्ध्या दिवसावर आणलं, नवऱ्यानं शनिवार-रविवारचा स्वयंपाक आणि विज्ञान स्वतःकडं घेतलं, तरी महिन्याचा पैसा कमी झाला तो झालाच. ज्या घरात हे परवडत नाही तिथल्या आईला ‘मुलांना घरी शिकवा’ असं सांगायचा अधिकार मला नाही आणि मी सांगतही नाही. भावंडांची भांडणं, भाकरी थापताना विचारला गेलेला भागाकार, पाहुणे आले की बुडालेली सकाळ, हे सगळं असतं आणि ते निभावतं.

दर मे महिन्यात आम्ही दोन्ही मुलांना वेगवेगळं बसवून विचारतो की पुढच्या वर्षी काय. यंदा थोरलीनं शाळा हवी म्हणून सांगितलं. तिला बाकावर शेजारी कुणीतरी रोज तेच हवं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणं वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. जवळच्या महापालिकेच्या शाळेत जूनमध्ये ती आठवीत बसली. तिचे गणिताचे सर समीकरणं ज्या पद्धतीनं सोडवून घेतात ती मला आवडत नाही. ती त्यांची बाजू घेऊन माझ्याशी भांडते, उदाहरणं देऊन भांडते, आणि मी मनापासून खूश आहे. धाकट्यानं घरीच राहायचं ठरवलं. आता बहीण दिवसभर नसल्यामुळं त्याच्यासाठी माणसं शोधण्याचं काम दुप्पट झालं आहे.

घरी शिकवणाऱ्या आमच्या ओळखीच्या कुटुंबांशी सध्या एका गोष्टीवरून माझं पटत नाही. सरकारनं घरी शिकणाऱ्या मुलांची नोंदणी करावी, परीक्षा लादू नये, पण वर्षातून एकदा प्रत्येक मुलाची कुणा जाणत्या शिक्षकाशी भेट ठरवावी आणि त्या वेळी आईबाबांनी खोलीबाहेर बसावं, अशी माझी मागणी आहे. बऱ्याच जणांना यात सरकारी नाक खुपसणं दिसतं. आपण चांगले पालक आहोत, मग आपल्यावर पाळत कशाला, असं ते विचारतात. आमच्यातले बहुतेक चांगले पालक आहेतच. पण घराचं दार बंद करून मुलाला कामाला जुंपणारा किंवा मुलीला वयात आल्यावर कोंडून ठेवणारा माणूसही उद्या आम्ही घरीच शिकवतो असंच म्हणेल, आणि त्याच्या मुलाला माझ्या मुलांइतकंच बाहेरचं एक माणूस हवं आहे. त्या भेटीत शिक्षकानं पाढे विचारू नयेत. तू कुणाकुणाकडून शिकतोस, एकटा कुठं जातोस, कुणाशी भांडतोस, एवढं विचारावं आणि ऐकून घ्यावं. आणि मूल शाळेत जायचंय म्हणालं, तर त्याच आठवड्यात त्याचं नाव दाखल व्हावं, त्यासाठी पालकाची सही लागू नये.