दुसऱ्याच्या डोळ्यांनी

निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती. आमच्या मराठी घरांतील अनेक वडीलधाऱ्यांनी ती आत्मसात केली. ज्यांना ती आली नाही, त्यांना आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. वाचणारा कितीही सज्जन असला, तरी आपली गोष्ट आपल्याआधी त्याला कळे.

आज संगणकाच्या पडद्यापुढे अंध माणसाची हीच अवस्था होते. वास्तविक पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारे 'स्क्रीन रीडर' उपलब्ध आहेत. परंतु बटणाला नाव दिलेले नसेल, सूचना केवळ चित्रात असेल, तर त्यांचाही नाइलाज होतो. मग बँकेचा परवलीचा शब्द नातवाला सांगणे आले. कर्णबधिराला चित्रफितीखाली अक्षरे नसतात; विस्मरण जडलेल्याचा सांकेतिक अंक तो टिपण्याआधीच बाद होतो.

यावर कोणी म्हणेल, घरात मदतीला माणसे असतातच. आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते. मदत करणे ही माणुसकी खरी. पण जी घेतल्यावाचून गत्यंतर नाही, त्या मदतीत मिंधेपण येते. शिवाय उर्दू शिकता येत होती, दृष्टी शिकता येत नाही. म्हणून येथे बदलावयाचे ते पडद्याने, माणसाने नव्हे.

न्यायालयानेही हेच मानले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा असू नयेत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यासाठीचा अहवाल आपल्या हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील केंद्राने सिद्ध केला होता. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी आणखी एक निकाल आला. ओळख पटविण्यासाठी यंत्र डोळ्यांची उघडझाप करावयास सांगे. आम्लहल्ल्यात चेहरा होरपळलेल्यांना आणि अंधांना ते कसे जमावे? डिजिटल सुगम्यता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले.

आमच्यापैकी अनेकांची नजर आता मंदावते आहे, तेव्हा हा प्रश्न परक्यांचा राहिलेला नाही. आणि हे पडदे घडविणारी कित्येक मुले आमच्याच घरांतून रोज हायटेक सिटीकडे जातात. रात्री जेवणाच्या पानावर त्यांना एवढेच विचारावे: "बाळ, आज जे केलेस, ते डोळे मिटून चालवून पाहिलेस का?"